सिद्धम्माच्या भट्टीतला विस्तव

सिद्धम्माची आणि माझी ओळख झाली ती तिनं माझ्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं तेव्हा.

लग्न होऊन मी बेंबळीहून या गावात आले त्याला आठवडाही झाला नव्हता. पाव्हणेरावळे पांगले होते आणि माझ्या सासूबाई हरणाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, मला पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, "आज सैपाक तू कर." दुपार चढली होती. मी डाळीला फोडणी द्यायला बसले, तोच मागनं कुणीतरी आलं, चूल फस्सकन बसली आणि घर राखेनं भरलं. वळून बघते तो कपाळाला आडवं भस्म लावलेली, उंच, काळीसावळी बाई हातात रिकामा तांब्या धरून उभी.

"वारं सुटलंय," ती म्हणाली. "डाळ सांजच्याला शिजव." आणि आली तशी गेलीसुद्धा.

आत्याबाई परसातून धावत आल्या. चुलीचा चिखल बघितला आणि त्यांचं तोंड सुटलं. "मेली विझवी! नव्या सुनंची पयली चूल विझवून गेली! हिच्या घरात दिवा लावायला कुणी ऱ्हाणार न्हाय!" हे त्या घरात नाही बोलल्या, दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या. सिद्धम्मा अजून कोपऱ्यावरच होती. तिची पावलं जराशी थांबली आणि पुन्हा चालू लागली. तिच्या घरात खरोखरच तिच्याशिवाय दिवा लावायला कुणी नव्हतं, नवरा गेलेला आणि मूलबाळ नाही. पण ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त रडले, आणि कुठल्या येड्यांच्या गावात आपल्याला दिलं म्हणून बापाच्या नावानं बोटं मोडली.

गंमत बघा. गावातला सगळ्यात मोठा जाळ सिद्धम्माचाच. तिची फुटाण्यांची भट्टी होती. गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या काठी, जमिनीत खोल खणलेली. हरभरे, शेंगा, ज्वारीच्या लाह्या, सगळं तिथं भाजून निघायचं. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत तिची पाटी पोचली की दुसऱ्यांच्या पाट्यांवर माश्या बसायच्या. आणि ही जाळाची मालकीण चैत्र लागला की दुसऱ्यांच्या चुली विझवत फिरायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातला प्रकार, असं गाव म्हणायचं. तोंडावर सिद्धम्मा आणि पाठीमागं विझवी. तिला दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींना ती ओ द्यायची.

तिचं एक ठरलेलं होतं. मावळतीच्या वेशीबाहेर पिंपळ आहे. त्याच्याखालचा पाचोळा वाऱ्यानं वेशीतून आत यायला लागला की समजायचं, वारं गावाच्या अंगावर आलं. मग ती गल्लीगल्लीतून ओरडत निघायची, "गाळी बंतूऽऽ! चुली विझवा गंऽऽ!" आमच्या गावात निम्म्या घरांत कानडी बोलतात. गाळी बंतू म्हणजे वारं आलं. ज्या घरातनं तरीही धूर दिसे त्या घरात तांब्या घेऊन शिरायची. दारात पाण्यानं भरलेली घागर नसेल तर वर बोलणी.

हे सगळं ती का करायची हे तिनं मला पुढं सांगितलं. मी लाह्या घ्यायला गेले होते. मला बघून म्हणाली, "डाळ शिजली का गं त्या दिवशी?" मला हसू आलं. मग हातातला झारा खाली ठेवून ती बोलत बसली. तिचं माहेर तिकडं, कानडी मुलखाच्या काठावर. एका बाईनं भरदुपारी चुलीतली राख उकिरड्यावर टाकली. विझलेली राख म्हणून टाकली. सांज व्हायच्या आत गाव संपलं. घरं, कडबा, दावणीची जनावरं. "आमची म्हस दाव्याला वढत हुती, ती म्या बघिटली," ती म्हणाली. "राख मेलेली दिसती, पर ती मरत न्हाय पोरी. तवापासनं मला राखंचंच भ्या वाटतं." तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरची दारातली घागर मी कधी रिकामी राहू दिली नाही.

आता गावाचं दैवत सांगायला हवं, कारण खरी लढाई तिथं होती. वेशीच्या आत लगेच महालिंगेश्वराचं देऊळ, देवळाच्या मागं गावाच्या सगळ्या कडब्याच्या गंज्या, आणि गंज्यांच्या पुढं गाव. म्हणजे वाऱ्याच्या वाटेत आधी देऊळ, मग गंज्या, मग आम्ही. देवाचा लाकडी रथ. किती जुना ते कुणालाच माहीत नाही. त्यावर हत्ती, घोडे, नाचणाऱ्या बाया कोरलेल्या, आणि कोपऱ्यात गाल फुगवून शिंग फुंकणारा एक माणूस. पोरंटोरं त्याला शिंगवाला मामा म्हणायची. चैत्रात जत्रा झाली की रथ देवळाशेजारी लावायचे, आणि उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून तो वरपासून खालपर्यंत कडब्याच्या पेंढ्यांनी झाकायचे. ज्याच्या दावणीला बैल, त्या घरची एक पेंढी. तो मान होता. ज्येष्ठात कारहुणवी आली, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, की त्या दिवशी मानकरी महांतप्पा पहिली पेंढी काढायचे, मग ज्यानं त्यानं आपापली ओढायची आणि आपल्या बैलाला चारायची. देवाच्या अंगावरची पेंढी खाल्लेला बैल वर्षभर आजारी पडत नाही असं म्हणत. आमचे बैल पडायचे आजारी, पण ते सोडा.

सिद्धम्माला हा रथ दिसला की तिचं पित्त खवळायचं. "लाकडाच्या देवाला वाळल्या कडब्याची गोधडी पांघरता, आन् वैशाखाच्या वाऱ्यात बसवता! अक्कल कुठं गहाण टाकली?"

महांतप्पा म्हणजे मोठं प्रस्थ. पांढऱ्याशुभ्र मिशा, तोंडात दात मोजकेच, आणि सिद्धम्माच्या फुटाण्यांचं व्यसन. दात नसल्यामुळे फुटाणे कुटून खायचे. ते चिडायचे नाहीत, फक्त हलायचे नाहीत. "आज्या-पणज्यापासनं चालत आलंय, सिद्धम्मा. कारहुणवीच्या आदी देवाच्या पेंढीला हात लावायचा न्हाय."

"आज्या-पणज्याच्या नशिबानं जळलं न्हाय, म्हणून तुमच्याबी नशिबानं जळायचं न्हाय व्हय?"

एकदा चावडीवर भरल्या बैठकीत हा वाद निघाला. तिथं बायका जात नसत, पण ती गेली. महांतप्पा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "तू आदी तुजी भट्टी विझव. मग देवाला शिकव." सगळी चावडी हसली. टोला बिनतोड होता. तिची कमाई दुपारचीच, बाजाराहून येणारी-जाणारी माणसं तेव्हाच भट्टीवर थांबायची.

"विझवली," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे भाजायची आणि ऊन तापायच्या आत भट्टीचं तोंड ओल्या मातीनं लिंपून टाकायची. दुपारी गिऱ्हाईक आलं की थंड फुटाणे पुढं. लोक नाक मुरडून जायचे. तिला ते लागायचं, मी बघत होते. पण तोंडानं म्हणायची, "थंड फुटाणं पोटाला बरं."

पण गावच्या बायकांच्या चुली काही पुरत्या विझत नव्हत्या, आणि त्याला कारण होतं. कुठंतरी सातासमुद्रापार मोठी लढाई पेटली होती आणि तिच्या पायी आमच्या निजामाच्या मुलखात रॉकेल मिळेना, कापड मिळेना आणि काडेपेटी तर दिसेनाशी झाली. म्हणून घरोघर निखारे राखेत पुरून ठेवत. सिद्धम्मा आली की वरवर पाणी शिंपडायचं, ती गेली की फुंकर घालायची. आत्याबाई त्यात पटाईत. एकदा तिनं आत्याबाईंना फुंकताना पकडलंच.

"हरणे, अगं विझवली म्हणालीस न्हवं?"

"विझवू आन् पेटवू कशानं? तुज्या डोक्यावर घासून?"

सिद्धम्मानं हातातल्या तांब्याकडं बघितलं. मला वाटलं आता तांब्या फेकून मारते. पण ती विचार करत होती. म्हणाली, "म्या लिंपून ठिवलेल्या भट्टीत विस्तव जित्ता ऱ्हातो. खोल हाय, वारं लागत न्हाय. सांजच्याला वारं पडलं की माझ्याकडनं न्या. समद्यांनी न्या."

"दिवेलागणीला कुणी विस्तव देतं व्हय? लक्ष्मी जाती घरातनं!"

"माजी जाऊ दे," सिद्धम्मा म्हणाली. "तुमची गंजी ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून आमच्या गावात एक नवीनच रीत पडली. दुपारी सगळ्या चुली खरोखरच थंड, आणि सांजेला ओढ्याकाठी बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात खापर, त्यावर झाकण. सिद्धम्मा मातीचा लिंप फोडायची, चिमट्यानं एकेक निखारा द्यायची आणि झाकण नीट बसलं का ते बघितल्याशिवाय सोडायची नाही. सुनांना सासवांच्या तक्रारी करायला ती एक जागा मिळाली. आत्याबाई रांगेत असल्या की मी गप्प बसायची, एवढंच. आत्याबाई विस्तव न्यायच्या पण बोलायच्या नाहीत. खापर पुढं करायच्या आणि तोंड फिरवायच्या. विस्तव पाहिजे, विझवी नको.

असे दोन उन्हाळे निघाले. गावाला सवय झाली. रथावरच्या पेंढ्या मात्र जिथल्या तिथं. सिद्धम्मा रोज एकदा तिथं जाऊन उभी राहायची, शिंगवाल्या मामाकडं बघायची आणि परत यायची.

तो वैशाखातला सोमवार होता. सोमवारी महांतप्पा रथापुढं धूप जाळायचे. काडेपेटी नाही म्हणून तेही पहाटे धुपाटणं घेऊन सिद्धम्माच्या भट्टीवर जायचे. तिनं विस्तव द्यायचा आणि दरवेळी बजावायचं, "ऊन व्हायच्या आत उरका." त्या दिवशी त्यांच्याकडं पाव्हणे आले. गप्पा, जेवण, पान. धूप राहिला. दुपारी आठवण झाली तेव्हा धुपाटण्यात नुसती राख दिसत होती. महांतप्पांनी धूप दुसऱ्या दिवसावर टाकला. पण देवाच्या धुपाची राख उकिरड्यावर टाकत नाहीत, पायदळी येऊ देत नाहीत. ती रथाखालीच ओतायची, ही रीत. महांतप्पा देवभक्त माणूस. त्यांनी राख अगदी भक्तिभावानं रथाच्या चाकापाशी ओतली, नमस्कार केला आणि देवळाच्या ओसरीवर आडवे झाले.

थोड्याच वेळात पाचोळा वेशीतून आत आला. "गाळी बंतूऽऽ!" सिद्धम्माची हाक आली. मी आमच्या थंड चुलीकडं एकदा बघून घेतलं. आणि मग तिचीच दुसरी हाक आली, तिच्या तोंडून कधीही न ऐकलेली.

"बेंकी! बेंकीऽऽ! रथ पेटला!"

मी आणि आत्याबाई दारातली घागर उचलून धावलो. गल्लीतल्या सगळ्याच घागरी धावत होत्या. रथाच्या एका चाकापासून जाळ वर चढत होता, आणि वारं त्याला गंज्यांच्या बाजूला रेटत होतं. पाणी पडत होतं तिथं पेंढी फुसफुसायची, पण खालची पेंढी पेटलेलीच. पेंढ्या ओढून लांब फेकल्या तरच रथ वाचणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि गावातली सगळी गडीमाणसं रथाभोवती हात जोडल्यासारखी उभी! कुणाचा हात पुढं होईना. कारहुणवी आली नव्हती. पहिली पेंढी मानकऱ्यानं काढायची, आणि मानकरी ओसरीवरून उठून नुसतेच रथाकडं बघत उभे.

सिद्धम्माच्या घरचं त्या रथावर काहीच नव्हतं. तिला बैल नाही, म्हणून पेंढी नाही, म्हणून मान नाही. तिनं महांतप्पांना दोन्ही खांद्यांना धरून हलवलं.

"अज्जा! आज काय हाय?"

"स... सोमवार."

"आज कारहुणवी हाय!" ती इतक्या जोरात ओरडली की आवाज फाटला. "ऐकलं का रंऽऽ? देवानं आजच कारहुणवी केली! वढा पेंढ्या! अज्जा, तुमची पयली!"

महांतप्पांनी तिच्याकडं बघितलं. क्षणभरच. मग त्या म्हाताऱ्यानं धोतर खोचलं, रथाच्या तोंडाशी जाऊन आपली पेंढी ओढली, डोक्यावर धरली आणि बोंब मारली, "कारहुणवी! कारहुणवी आली!"

मग काय सांगू! कारहुणवीला जसा गाव तुटून पडतो तसाच पडला. ज्यानं त्यानं आपली ओढली, शेजाऱ्याची ओढली, कुणाची ते न बघता ओढली. पेटलेल्या पेंढ्या बायकांनी ओल्या घोंगड्यांखाली दाबल्या. न पेटलेल्या पोरांनी वेशीबाहेर पळवल्या. आत्याबाईंनी तर लुगड्याचा काष्टा मारून रथाच्या चाकावर चढून घागर ओतली. एवढ्या धावपळीत कुणीतरी खरोखरच बैल सोडले, आणि बैलांनी मधेच उभं राहून पेंढ्या खायला सुरुवात केली. त्यांना वैशाख काय आणि ज्येष्ठ काय!

जाळ विझला. एका अंगाला रथ भाजला होता आणि शिंगवाला मामा तोंडापासून शिंगापर्यंत काळाठिक्कर पडला होता. बाकी हत्ती, घोडे, बाया जागच्या जागी. गंज्यांना धग लागली नव्हती. आम्ही एकमेकींच्या काळ्या तोंडांकडं बघितलं आणि हसत सुटलो. महांतप्पा रथाच्या चाकाला टेकून बसले. ते हसतही होते आणि रडतही होते.

पण सिद्धम्मा हसत नव्हती. चाकापाशी तिला उपडं धुपाटणं दिसलं होतं. तिनं ते उचललं, गावापुढं धरलं.

"हा विस्तव माझ्या भट्टीचा," ती म्हणाली. "पहाटं म्याच दिला."

महांतप्पा धडपडत उठले. "राख म्या वतली. विस्तवाचा काय गुन्हा?"

पण ती थांबली नाही. धुपाटणं खाली ठेवून ओढ्याकडं चालू लागली. कुणी तिला अडवलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. माणसं घाबरलेली होती, दमलेली होती, पण ते काही कारण नव्हे.

सांज झाली. वारं पडलं. मी खापर घेऊन निघाले तर आत्याबाई ओसरीवर नव्हत्या. मी एकटीच गेले, ओढ्याच्या वाटेवर एक चिंच आहे तिथं थांबले. नेहमीची रांग नव्हती. सिद्धम्मा भट्टीपुढं बसली होती, लिंप न फोडता. शेजारी पाण्यानं भरलेली घागर. तिच्या मनात काय होतं हे मला लख्ख कळलं. ज्या गावाचा रथ तिच्या विस्तवानं जळता जळता राहिला, ते गाव आता तिच्या हातचा विस्तव घेणार नाही. ती भट्टी विझवणार होती. दुपारपुरती नव्हे, कायमची. मी खापर धरून तिथंच वाटेत उभी राहिले.

तेवढ्यात मागनं आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "सरक बाजूला, वाटंत काय हुबी ऱ्हायलीस!" आत्याबाई. लुगडं चिखलानं भरलेलं, हातात खापर, आणि त्यांच्यामागं बायका. घरोघर जाऊन त्यांनी गोळा केल्या होत्या. आत्याबाई थेट सिद्धम्मापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि या खेपेला तोंड फिरवलं नाही.

"विझवे, विस्तव दे."

"माझ्याकडचा?"

"मग काय काशीहून आणू? पोरं उपाशी हायत."

सिद्धम्मानं घागर बाजूला सारली आणि लिंप फोडला. चिमट्यातून पहिला निखारा सुटला. दुसरा तिनं आत्याबाईंच्या खापरात नीट ठेवला, झाकण बसवलं, सवयीनं दाबून बघितलं. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती पुढच्या बाईला म्हणाली, "झाकाण फुटकं हाय तुजं, उद्या नवं आण."

रांगेच्या शेवटी महांतप्पा आले. ते कधी सांजेला येत नसत. त्यांच्या हातात धुपाटणं नव्हतं, काखेत पेंढी होती. रथावरून काढलेली पहिली पेंढी.

"तुला बैल न्हाय म्हणून तुजी पेंढी नव्हती," ते म्हणाले. "ही मानाची. घे."

"म्या काय करू हिचं, अज्जा? खाऊ?"

"तुला काय करायचं ते कर. आता तुजी हाय."

सिद्धम्मानं पेंढीकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं. पेंढी मोडली आणि भट्टीत सारली. कढई चढवली, वाळू तापली, तिनं ज्वारी टाकली. जो कडबा दुपारी देवाचा रथ घेऊन जाणार होता, त्याच्यावर सांजेला सगळ्या गावाच्या लाह्या फुटल्या. गरम गरम. महांतप्पांना पाटीभर देऊन म्हणाली, "ह्या कुटाव्या लागत न्हाईत." पुढं पावसाळ्याआधी रथाला मातीच्या धाब्याचं घर बांधलं, त्याला घरटी एक पाटी पांढरी माती घातली, आणि पहिली पाटी सिद्धम्माच्या डोक्यावर होती. पेंढ्या आता फक्त कारहुणवीच्या सकाळी चढतात आणि तासाभरात उतरतात. शिंगवाला मामा अजून काळाच आहे.

पण त्या सांजेचं सांगायचं राहिलं. बायका खापरं घेऊन परतू लागल्या होत्या. ओढ्यापासून वेशीपर्यंत, झाकणांच्या फटींतून लाल उजेड दाखवत, एकेक जण आपल्या गल्लीत वळत होती. मागोमाग घरांत दिवे लागत होते. आत्याबाई तशाच उभ्या होत्या. हातातली लाह्यांची मूठ त्यांनी अजून तोंडात घातली नव्हती.

"सिद्धाक्का," त्या म्हणाल्या. अक्का त्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या. "म्या एकदा भरल्या गल्लीत बोलले हुते. तुज्या घरात दिवा लावायला कुणी ऱ्हाणार न्हाय म्हणून."

"ऐकलं हुतं म्या."

आत्याबाईंनी गावाकडं हात केला.

"बघ की गं. समदे तुज्याच घरचे दिवे लावायला लागल्यात."